पट्टी घ्या म्हणणारी पेत्रोना

पेत्रोना आंकासी गेली त्याला आता चार वर्षं झाली. तिच्या मयताला मी गेलो होतो. दोन दिवस खेचरावर बसून उमापातापर्यंत, या वयात, या कमरेने. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. सान्ता ब्रीहिदाच्या कचेरीतला जुना कारकून एका डोंगरी म्हातारीच्या मातीला जातो म्हणजे काय! जाऊ दे. ज्यांनी तो जुलै महिना पाहिला नाही त्यांना काय सांगणार? मी बत्तीस वर्षं सरकारी टेबलामागे काढली. आधी स्पेनच्या राजाचं सरकार, मग बंडवाल्यांचं, मग पुन्हा राजाचं, आणि शेवटी आमचं स्वतःचं. सरकारला चुकवणारे तर मी इतके पाहिले की त्यांची जत्रा भरेल. पण 'आमचे पैसे घ्या' म्हणून सरकारच्या दारात महिनाभर ठाण मांडून बसलेलं माणूस मी एकच पाहिलं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

दिसायला ती काहीच नव्हती. ठेंगणी, गालाची हाडं वर आलेली, डावी पापणी अर्धी मिटलेली, त्यामुळे ती सतत कोणावर तरी नेम धरून आहे असं वाटायचं. गालात कोकाच्या पानांचा तोबरा. जन्म वरच्या पठारावरचा, जिथे बटाट्याशिवाय काही उगवत नाही. बाराव्या वर्षापासून दरसाल लामा या लोकरी जनावरांच्या पाठीवर मीठ लादायचं, चार दिवसांची वाट उतरून गरम दरीत जायचं, तिथे मका पिकवायचा आणि तो घेऊन पुन्हा वर चढायचं. सात मुलं झाली, दोन जगली. अहो-जाहो ती कोणालाच करत नसे. देवालाही नाही.

उमापाता म्हणजे साठ घरांची एक भावकी. वर बटाटा, खाली मका. दरीतला मका नसेल तर फेब्रुवारीत वरची पोरं उपाशी मरतात, इतकं ते सरळ आहे. जमीन कोणा एकाची नाही, सगळ्या भावकीची. आणि ती भावकीची कशावरून? तर जूनमध्ये संत हुआनच्या सणाला आणि डिसेंबरात नाताळात ती सरकारला पट्टी भरते आणि सरकार पावती देतं, यावरून. पट्टी गोळा करायचं काम दरवर्षी एका घरावर येतं. त्या घरच्या नवराबायकोला मिळून एक काठी देतात, चांदीच्या कड्या घातलेली. मिळून म्हणजे मिळूनच. एकट्या पुरुषाला ती काठी कोणी देत नाही.

त्या साली काठी लाउरेआनो आणि पेत्रोनाच्या घरी होती. मे महिन्यात लाउरेआनो मका काढायला दरीत उतरला आणि तिथल्या तापाने आठ दिवसांत गेला. दहाव्या दिवशी भावकीतले म्हातारे काठी परत मागायला आले.

"काठी मोडली का?" तिने विचारलं.

"नाही, माई."

"मग? माणूस गेला. काठी आहे, आणि मी आहे. बसा, जेवून जा."

म्हातारे जेवले आणि रिकाम्या हाताने परत गेले.

आता देशाचं ऐका. देश तेव्हा पुरता वर्षाचाही नव्हता. कचेरीच्या शिक्क्यावरचा राजाचा सिंह मीच कानशीने घासून काढला होता, आणि नवा शिक्का पोतोसीच्या टांकसाळीतून यायचा होता, म्हणून सहा महिने आम्ही कागदांवर नुसता गुळगुळीत गोळा उमटवत होतो. त्या गोळ्याकडे बघून मला नेहमी वाटायचं, आपला देश हा असा आहे: दाब आहे, चित्र अजून नाही.

कचेरीत दोन साहेब होते आणि दोघांची टेबलं समोरासमोर. एक एवारिस्तो लिसारासू वकील, प्रांताचा कारभारी. वय एकोणतीस, राजधानीत, चुकिसाकाला शिकलेला, सरळ, इतका सरळ की त्याच्याजवळ बसलं की आपली पाठ दुखू लागायची. दुसरा हिलारिओन खजिनदार. पोट सुटलेला, मिश्कील, राजाच्या वेळेपासूनचा. चुकिसाकाच्या सभेत जे भांडण चाललं होतं तेच आमच्याकडे रोज सकाळी नऊला सुरू व्हायचं.

"जिंकलेल्यांकडून उकळलेली खंडणी आहे ती, हिलारिओन," वकील म्हणायचा. "तीनशे वर्षांचा डाग आहे. स्वतंत्र देश खंडणीवर उभा राहत नाही."

"मग कशावर उभा राहतो? तुझ्या भाषणांवर? शिपायांना पाच महिने पगार नाही. भाषण उकळून पाजू त्यांना?"

"सगळे समान, म्हणून सगळे भरतील. डोंगरी, गावकरी, जमीनदार. माणशी तीन पेसो."

"कोण भरेल? एक नाव सांग. एकच सांग, आजची दारू माझ्याकडून."

कायदा वकिलाच्या बाजूने लागला होता. डोंगरी पट्टी रद्द. चौकात दवंडी पिटली तेव्हा गावाने टोप्या उडवल्या. पुढचं वाक्य, म्हणजे यापुढे सगळ्यांनी भरायचं, दवंडीवाल्याने वाचलं, आणि टोप्या खाली आल्या. यादी करायला मी घरोघर हिंडलो. न्हावी म्हणाला, "माझा आजा स्पेनमधल्या कास्तिलहून आला होता. मी काय डोंगरी आहे पट्टी भरायला?" पाद्री म्हणाला, देवाचं सगळं माफ असतं. कासिमिरो उर्कुल्लू, आमच्याकडचा सर्वांत मोठा जमीनदार, त्याने मला बसवलं, चॉकलेट पाजलं, आणि यंदा आपलं उत्पन्नच नाही म्हणून सांगितलं. खोटं कशाला बोलू, यादीत माझ्या नावापुढे मीसुद्धा 'चौकशी चालू' असं लिहून ठेवलं होतं. समता मला मान्य होती. तीन पेसो मान्य नव्हते.

संत हुआनच्या दिवशी सकाळी ती आली. अकरा लामा, सोबत भावकीतले चार जण, हातात काठी. खिडकीशी येऊन तिने विणलेली थैली ठेवली. चांदीचा तो जड आवाज मी सहा महिन्यांनी ऐकत होतो.

"घे," ती म्हणाली. "उमापाताची पट्टी."

"बाई, पट्टी बंद झाली. घेता येत नाही."

"बंद कोणी केली?"

"देशाने."

"कोण तो? बोलव त्याला."

मागे रांगेतले दोघे फिदीफिदी हसले. मी वकिलाला बोलावलं, कारण याहून जवळचा देश माझ्याकडे नव्हता.

तो बाहेर आला, आणि खिडकीतून नव्हे, पायऱ्या उतरून तिच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही घरी जा, बाई. हे पैसे तुमचे. यापुढे कोणीही तुमच्याकडून खंडणी मागणार नाही. तुम्ही आता नागरिक आहात." कचेरीतल्या माणसाने डोंगरी बाईला 'तुम्ही' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मागचं हसू बंद झालं.

"नागरिक म्हणजे काय, ताता?" ताता म्हणजे त्यांच्याकडे बाबा.

"म्हणजे माझ्याइतकेच तुमचे हक्क."

"तुला शेत आहे?"

"मला? नाही."

"मग तुझ्याइतकं घेऊन मी काय करू?"

वकील कानापर्यंत लाल झाला, पण चिडला नाही. कायद्याने आपले हात बांधलेत, हे त्याने दोनदा समजावलं. तिने ते दोनदा ऐकून घेतलं, थैली उचलली, आणि कचेरीच्या पायऱ्यांशेजारी भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, दमली असेल, बसेल घटकाभर.

तिची भीती काय होती ते चौथ्या दिवशी आम्हाला कळलं. कासिमिरो जमीनदाराचा अर्ज आला. अक्षर सुरेख, मुद्दे चार. उमापाताच्या दरीची पट्टी या संत हुआनला जमा झालेली नाही. ज्या जमिनीचं कोणी काही भरत नाही ती कोणाचीच नाही. जी कोणाची नाही ती राष्ट्राची. राष्ट्र अडचणीत आहे, सबब सदर जमीन लिलावात काढावी, मी घ्यायला तयार आहे. खोट कशातच नव्हती. नव्या कायद्यात बेवारस जमीन विकून खजिना भरायचं कलम होतंच, आणि ते वकिलाच्याच पक्षाने घातलं होतं. हिलारिओनला तर कुठूनही रोकड हवी होती. पंचवीस जुलै, संत सान्तियागोचा दिवस, लिलावाची तारीख ठरली.

त्या कागदावर सही वकिलालाच करावी लागली. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

पेत्रोना बसून राहिली. रोज सकाळी कचेरी उघडली की उठायची, थैली खिडकीत ठेवायची, म्हणायची, "घे." मी म्हणायचो, "घेता येत नाही." ती थैली उचलून परत जागेवर. जून-जुलै म्हणजे आमच्याकडे हाडं फोडणारी थंडी. सकाळी तिच्या शालीवर दहिवर गोठून पांढरं झालेलं असायचं. खायला वाळवलेले बटाटे आणि चिमूटभर मीठ. शेजारी थैलीत दोनशे दहा पेसो, आणि बाजारातून भाकरीचा तुकडा तिने त्यातून घेतला नाही. गावातली उनाड कार्टी पहिले दोन-तीन दिवस तिच्याकडे बघून 'घे, घे' म्हणून ओरडायची. मग तीही थांबली. कंटाळून नव्हे. काहीतरी वेगळं चाललंय, हे त्यांनाही कळलं असावं.

एक दिवस मागच्या दाराने हिलारिओन तिच्याकडे गेला. मी कागद वाळवत होतो, सगळं ऐकू आलं.

"पेत्रोना, हुशार बाई आहेस तू. दे ती थैली, मी जपून ठेवतो. शिपायांना पगार होईल, तुझंही काम होईल."

"पावती दे."

"पावतीच तर देता येत नाही ना! कायदा आडवा येतो."

"मग तू चोर आहेस, का सरकार आहेस? आधी ते ठरवून ये."

हिलारिओन आत येऊन मला म्हणाला, "या बाईला खजिनदार करायला पाहिजे होतं. पगारही वाचला असता."

दहावा की अकरावा दिवस असेल. तिने खिडकीत थैलीऐवजी दुसरंच एक गाठोडं ठेवलं. जुनं, रंग उडालेलं विणकाम, आत कागद. म्हणाली, "तू वाचतोस ना? वाच."

पावत्या होत्या. वरच्या तीसेक माझ्याच हातच्या. त्याखाली माझ्या आधीच्या कारकुनाच्या, त्याखाली त्याच्या आधीच्याच्या. मी वाचत गेलो. अमुक साल, संत हुआन, उमापाताची भावकी, इतके पेसो मिळाले. अमुक साल, नाताळ, मिळाले. मी साल म्हटलं की ती मला थांबवायची आणि त्या वर्षी काठी ज्या जोडप्याकडे होती त्यांची नावं सांगायची, डोळे मिटून. मग मी कागदावरचं नाव बघायचो. पुरुषाचं नाव जुळायचं. बाईचं नाव कागदावर नसायचंच, ते फक्त तिच्याकडे होतं. एकही चुकलं नाही. एकही! अक्षर जुनं होत गेलं, शाई तांबडी होत गेली, राजे बदलत गेले. शेवटी शेवटी मला ती लिपी लागेना. सगळ्यांत खालच्या कागदावरचं साल मी तीनदा वाचलं, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना. सोळाशे दोन. माझ्या खुर्चीवर माझ्याआधी बसलेली इतकी माणसं! त्यांची नावं मला माहीत नव्हती. कुठे पुरली तेही माहीत नव्हतं. त्यांचा प्रत्येक कागद एका डोंगरी बाईच्या गाठोड्यात जिवंत होता.

मागे वकील उभा होता. किती वेळापासून, देव जाणे.

"हा गुलामगिरीचा इतिहास आहे, बाई," तो हळूच म्हणाला. "दोनशे वर्षांचा."

तिने डोळे उघडले. "गुलामाला कोणी पावती देतं का, ताता?"

चुकिसाकाच्या विद्यापीठात याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी टेबलावरचं नऊ वाजताचं भांडणही झालं नाही. तो पानं उलटत बसून राहिला, आणि दुपारी घरून स्वतःचं घोंगडं आणून तिच्या शेजारी ठेवून गेला. तिने ते सगळ्यांत म्हाताऱ्या लामाच्या पाठीवर टाकलं.

लिलावाच्या आदल्या दिवशी तो तिच्यापाशी पायरीवर बसला. सरळ पायरीवर, कोटासकट. म्हणाला, "माझं ऐका. उद्या तुम्ही बोली लावा. सुरुवात दोनशेपासून आहे, तुमच्याकडे दोनशे दहा आहेत. दरी विकत घ्या. तुमच्या नावावर, पक्क्या कागदाने. मग राजा येवो की सभा येवो, कोणी हात लावू शकणार नाही." भावकीतले म्हातारेही आले होते, त्यांनीही माना डोलावल्या. मलाही ते पटलं. याहून चांगलं काय होणार होतं?

"माझ्या नावावर?" ती म्हणाली. "मी तर मरणार."

"मग तुमच्या मुलाच्या."

"आज माझा मुलगा चांगला आहे. त्याचा मुलगा दारू पिऊन विकेल. साठ घरांचा मका एका दारुड्याच्या हातात द्यायचा का?" मग म्हाताऱ्यांकडे वळून, "आणि आपलंच आपण विकत घेतलं, तर आजवर ते आपलं नव्हतं असं होईल. लाउरेआनो दुसऱ्याच्या शेतात मेला का?"

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. वकील उठला, कोट झटकला. मला जाताना म्हणाला, "बेर्नाबे, ही बाई सगळं गमावणार आहे, आणि मी काही करू शकत नाही." मलाही तसंच वाटत होतं.

पंचवीस जुलै. लिलाव चौकातच. आमची जुनी रीत अशी, की कंदिलात वीतभर मेणबत्ती लावतात आणि ती विझेपर्यंत बोली चालते. जो पैसे टेबलावर ठेवील त्याचीच बोली, उधारी नाही. दवंडीवाला नासारियो तीस वर्षं हेच करत आला होता. कासिमिरो जमीनदाराने दोनशे पेसो ठेवले, खुर्ची मागवली आणि पाय लांब करून बसला. बाकी बोली लावणारं कोणी नव्हतंच. पण चौक भरला होता. प्रांतातल्या सगळ्या भावक्यांचे काठीवाले आले होते. पट्टी त्यांनीही गोळा केली होती, त्यांचीही परत गेली होती, आणि उमापाताचं जे होईल तेच पुढच्या महिन्यात आपलं, हे प्रत्येकाला कळत होतं.

मेणबत्ती अर्धी झाली तेव्हा ती उठली. चालत टेबलापाशी आली आणि थैली उपडी केली.

"ही बोली नाही," ती मोठ्याने म्हणाली. "ही संत हुआनची पट्टी आहे. उमापाता."

आता नासारियो. टेबलावर चांदी, मेणबत्ती पेटलेली, म्हणजे बोली. त्याच्या डोक्यात तिसरं काही शिरणं शक्यच नव्हतं. त्याने ढोल वाजवला आणि ओरडला, "दोनशे दहा! दोनशे दहा झाले! कोण देतो जास्त?"

"अरे गाढवा, ती म्हणते बोली नाही!" कासिमिरो ओरडला.

"मालक, पैसे टेबलावर आहेत," नासारियो म्हणाला. "दोनशे दहा एक वार..."

कासिमिरोने रागाने शंभर आणखी ठेवले. चौकात कोणी हललं नाही. मेणबत्ती जळत होती. पेत्रोना टेबलापाशी तशीच उभी, हातात काठी, मान वर. तिच्याकडे आणखी एक नाणंही नव्हतं. संपलं, असं मला वाटलं.

मग गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. त्याची बायको मागून थैली घेऊन. त्याने थैली पेत्रोनाच्या चांदीवर ओतली. "संत हुआनची पट्टी. ताराकोल्यू."

"चारशे!" नासारियो किंचाळला.

कासिमिरोने गडी पिटाळला, घरून पेटी आणवली. पाचशे. आणि मग, काय सांगू, मग ती सगळी येऊ लागली. जोडीजोडीने, काठी पुढे, थैली मागे. कोणी घाई करत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. नुसतं भावकीचं नाव आणि 'संत हुआनची पट्टी'. सात भावक्या. चांदी टेबलावर मावेना, नाणी घरंगळून खाली पडू लागली आणि लोक ती उचलून पुन्हा वर ठेवू लागले. पाच महिने पगार न मिळालेले शिपाई बंदुका टेकून उभे होते, त्यांनीही पायाशी आलेली नाणी उचलून ठेवली. मी डोळ्यांनी पाहिलं. नासारियोने आकडा ओरडायचं सोडून दिलं, टोपी काढून तो नुसता उभा राहिला. ज्या देशाला त्याच्या गावांतून एक छदाम मिळत नव्हता, त्याच्यापुढे ज्यांना आम्ही माणसांत धरत नव्हतो ते लोक चांदी ओतत होते, आणि तीही घ्या म्हणून!

कासिमिरोने पेटी बंद केली. थोड्या वेळाने मेणबत्ती विझली.

"ठीक आहे," तो म्हणाला. माणूस व्यवहारी. "घेतली त्यांनी. खरेदीखत करा आणि मोकळे व्हा."

वकिलाने मला खूण केली. मी खरेदीखताचा कागद पुढे ओढला, 'विकले' हा शब्द लिहायला टाक बुडवला, आणि कागदावर एक तपकिरी, भेगाळलेला हात येऊन पडला.

"विकलं लिहू नकोस. मिळालं असं लिही."

"बाई," वकील जवळजवळ विनवणीने म्हणाला, "खरेदीखत पक्कं आहे. पावती बेकायदा आहे. पावती मी लिहिली तर ते माझ्या हातून कायदा मोडणं होईल. ज्या कायद्यासाठी मी..."

"मला कळतंय, ताता," ती म्हणाली. त्या महिन्यात पहिल्यांदा तिचा आवाज मऊ झाला होता. "तुझं पण काहीतरी जाणार आहे."

हिलारिओन पलीकडे उभा होता. नेहमीसारखा टोमणा मारील असं मला वाटलं. तो चांदीकडे बघत नव्हता, वकिलाकडे बघत होता. "एवारिस्तो," तो हळू म्हणाला, "लिही. नाहीतर आपण कुठल्या गोष्टीचं सरकार आहोत?"

वकिलाने माझ्या हातातून टाक घेतला. सात पावत्या त्याने स्वतः लिहिल्या, उभ्या उभ्या, आणि प्रत्येकीवर तो गुळगुळीत गोळा दाबला. उमापाताच्या पावतीवर आधी लाउरेआनोचं नाव, आणि त्याच ओळीत पेत्रोनाचं. मग ती दुमडून त्याने दोन्ही हातांनी तिला दिली. दीड महिन्याने चुकिसाकाच्या सभेने पट्टी पुन्हा सुरू केली, खजिना रिकामा म्हणून. आणि वकिलाचा बेकायदा कागद आपोआप कायदेशीर झाला. नाताळाआधीच त्याची बदली कुठल्यातरी धुळकट सीमेवर झाली होती. पण ते पुढचं.

त्या दिवशी चौकात पावती हातात पडल्यावर सगळं झालं असं आम्ही धरून चाललो. तिचं झालं नव्हतं. तिने सुनेला हाक मारली. सुनेने कुंडा आणला, मक्याच्या दारूचा, चिचेचा, आणि लाकडी पेले दोन. अगदी सारखे. दोन्ही काठोकाठ भरून तिने एक स्वतः घेतला आणि एक वकिलापुढे धरला. थोडी जमिनीला शिंपडली.

"आम्ही आमचं दिलं," ती म्हणाली. "आता दरी राखणं तुझ्याकडे लागलं. उद्या हा आला," कासिमिरोकडे न बघता काठी त्याच्याकडे करून, "किंवा याचा नातू आला, तर मधे तू उभं राहायचं. देश म्हणून. पितोस का?"

तेव्हा मला कळलं. ती महिनाभर पैसे द्यायला बसलीच नव्हती. सरकारला बांधून घ्यायला बसली होती. आम्ही वर्षभर भांडत होतो की देशाला कोण काय देणं लागतो, आणि देश कोणाचं काही देणं लागतो, हे विचारायचं आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

वकिलाने पेला घेतला. सगळा चौक त्याच्याकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला, आणि तळापर्यंत प्यायला.

त्यानंतर मी सोळा वर्षं त्या कचेरीत होतो आणि सात कारभारी पाहिले. तो पेला, तोच प्रश्न विचारत, प्रत्येकापुढे धरला गेला, दर संत हुआनला. सगळे प्यायले. 'हो' कोणीच म्हटलं नाही.